अकीदा, मस्लहत आणि मतपेटी : गोव्याच्या चर्चकडून आपण काय शिकायचं?

नागरिकशास्त्राच्या तासाला पक्षांतरबंदी कायदा आला की आम्ही गोव्याचं उदाहरण देतो. मुलांना ते लगेच कळतं, कारण त्यात शपथ आहे, देव आहे आणि दर्गाही आहे.

22 जानेवारी 2022. गोव्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्याआधी 2019 च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी एकदम भाजपमध्ये उडी मारली होती. मतदारांचा विश्वास उडाला होता. म्हणून काँग्रेसने आपल्या उमेदवारांना एका बसमध्ये बसवलं आणि तीन ठिकाणी नेलं. पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रॉस आणि बेतीचा हमजा शाह दर्गा. तिन्ही ठिकाणी हात जोडून, हात उचलून शपथ घेतली की निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. काँग्रेसचे 11 आमदार निवडून आले. 14 सप्टेंबर 2022 ला, म्हणजे निकालानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, त्यातले आठ भाजपमध्ये गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत त्यात होते, मायकल लोबोही होते. शपथेचं काय, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा कामतांनी सांगितलं की आपण मंदिरात जाऊन देवालाच विचारलं, आणि तुला योग्य वाटेल ते कर असं देव म्हणाला.

कायद्याने त्यांचं काही बिघडलं नाही. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की दहाव्या अनुसूचीत ते 'विलीनीकरण' ठरतं. अकरातले आठ म्हणजे हिशेब पक्का. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सभापतींनी अपात्रतेची याचिका फेटाळली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये कामत मंत्रीही झाले.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, कसम मोडली तर कफ्फारा असतो ना? दहा गरिबांना जेवण, नाहीतर तीन रोजे. त्यांच्यापैकी कुणी दिला का?" वर्ग खो-खो हसला. आम्हीही हसलो. पण पिंगळीहून घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. आमदारांनी शपथ मोडली हे खरं. पण देवाला, क्रॉसला आणि दर्ग्याला मतांच्या बाजारात उभं करू कोणी दिलं? तिन्ही समाजांनी ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. तिथे आपणही होतो.

गोव्याचा सौदा

गोष्ट दहा वर्षं मागे जाते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ख्रिस्ती साधारण 25 टक्के आहेत, मुसलमान 8 टक्के. म्हणजे तिथे कॅथलिक मतांशिवाय सरकार बनवणं अवघड. भाजपला हे मनोहर पर्रीकरांनी समजावलं. 2012 मध्ये पक्षाने सहा कॅथलिक उमेदवार दिले, सहाही निवडून आले आणि 40 पैकी 21 जागा मिळाल्या. त्या वेळी काँग्रेसच्या राज्यातला भ्रष्टाचार आणि बेकायदा खाणी यांना लोक कंटाळले होते. कॅथलिक मतदारांनी विचारधारेकडे डोळेझाक केली, कारभाराकडे पाहिलं. 2017 मध्ये भाजपच्या जागा 13 वर आल्या, पण त्या 13 आमदारांपैकी सात कॅथलिक होते. निम्म्याहून जास्त!

या सौद्यात मोठी वस्तू होती शाळा. आम्ही शिक्षक असल्यामुळे हा भाग थोडा सविस्तर सांगतो. गोव्यात 1990 पासून नियम होता की प्राथमिक शाळा मातृभाषेत, म्हणजे कोकणी किंवा मराठीत शिकवत असेल तरच सरकारी अनुदान. चर्चच्या शाळांनी त्यामुळे कोकणी माध्यम घेतलं होतं. पण पालकांना इंग्रजी हवी होती. 2011 मध्ये कामतांच्याच काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं. पुढे होते संघाचे गोवा प्रमुख सुभाष वेलिंगकर, आणि विरोधी पक्षात असलेली भाजप त्यांच्या सोबत. मातृभाषा हा त्यांच्या दृष्टीने संस्कृतीचा, म्हणजे जवळजवळ श्रद्धेचाच प्रश्न होता.

2012 मध्ये भाजप सत्तेत आली. पर्रीकरांनी चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान बंद केलं नाही. वेलिंगकर चार वर्षं आठवण करून देत राहिले, मग जाहीर बोलू लागले. 31 ऑगस्ट 2016 ला संघाने त्यांना पदावरून दूर केलं. शेकडो स्वयंसेवकांनी राजीनामे दिले. वेलिंगकरांनी गोवा सुरक्षा मंच काढला, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि शिवसेनेला बरोबर घेऊन 2017 ची निवडणूक लढवली. मंचाला एकही जागा मिळाली नाही. मगोला तीन मिळाल्या आणि निकाल लागताच मगो पर्रीकरांच्याच सरकारात जाऊन बसला.

वेलिंगकरांच्या विचारांशी आमचं जमणं शक्य नाही. 2024 मध्ये त्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाची डीएनए चाचणी करा असं म्हटलं आणि गोव्यात कॅथलिक रस्त्यावर आले, तेव्हाही ते चूकच होते. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. धर्माच्या नावाने चालणाऱ्या राजकारणात ज्याची त्या धर्मावर, संस्कृतीवर खरीच निष्ठा असते, तोच आधी अडचणीचा होतो. पक्षाला निष्ठा मतदानापर्यंत हवी असते, निकालानंतर नाही.

सावंतवाडीपर्यंत एक धर्म, पेडण्यापासून दुसरा

मांसाचं घ्या. आपल्या महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी जुनीच आहे, 1976 ची. 2015 च्या मार्चमध्ये बैल आणि वळूंवरही बंदी आली. त्यानंतर मराठवाड्यातल्या कुरैशी मोहल्ल्यांचं काय झालं ते वाचकांना आम्ही सांगायला नको. धंदा बुडाला तो बुडालाच, रस्त्यावर गाडी अडवून मारहाण करणाऱ्यांना जणू परवानाच मिळाला. 2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरैशी बांधवांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजारात भाकड जनावर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही कळलं की ही साखळी कुठे तुटली आहे.

आणि गोव्यात? 2017 च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री पर्रीकरांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात बीफचा तुटवडा पडू देणार नाही, कमी पडलं तर बेळगावहून आणू. पक्ष एकच, झेंडा एकच. सावंतवाडीत जी आस्था आहे ती पेडण्याला पोहोचेपर्यंत बदलते. कारण तिथे 25 टक्के मतं आहेत.

यावरून कुणी म्हणेल, बघा, कॅथलिकांनी हुशारीने काम करून घेतलं. शाळेचं अनुदान टिकलं, ताटातलं अन्न टिकलं, आमदार झाले, मंत्री झाले. आपण मात्र नुसते ओरडत बसलो. आमच्या स्टाफरूममध्येही एका सहकाऱ्यांनी हेच म्हटलं. त्यात तथ्य आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी लागेल.

अनुदान मिळालं, इज्जत मिळाली का? 2021 च्या अखेरीस मुख्यमंत्री प्रमोद सावंत पोर्तुगीजांनी पाडलेली मंदिरं पुन्हा बांधण्याची भाषा बोलू लागले. 2022 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 20 कोटी रुपये ठेवले. इतिहासात मंदिरं पाडली गेली हे खरं आहे, पण त्याचं बोट आज जिवंत असलेल्या शेजाऱ्याकडे वळतं. जे कॅथलिक आमदार सत्तेत बसले, त्यांनी आपल्या समाजाचं गाऱ्हाणं किती वेळा जाहीर मांडलं?

इथे चर्चने एक शहाणपण दाखवलं. आमदार गेले, चर्च गेलं नाही. 2018 च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनी आपल्या वार्षिक पत्रात लिहिलं की देशाचं संविधान धोक्यात आहे आणि श्रद्धावंतांनी राजकारणात सजग भूमिका घ्यावी. शाळांचं अनुदान सरकारच्या हातात असताना लिहिलं. म्हणजे समाजातले काही लोक सत्तेशी व्यवहार करत होते, पण धर्मसंस्थेने आपली जीभ गहाण ठेवली नव्हती. हा फरक आपल्या मशिदी-मदरशांच्या विश्वस्तांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शेजाऱ्याच्या किमतीवर केलेला व्यवहार

केरळात वेगळी चूक झाली. एर्नाकुलम जिल्ह्यात मुनंबम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या सुमारे 600 कुटुंबांच्या जमिनीवर वक्फचा दावा होता. बहुतेक कुटुंबं कॅथलिक. त्यांची चिंता खरी होती, आणि आपल्या लोकांनीही ती समजून घ्यायला हवी होती. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरिबाला कागद दाखवून उठवणं इस्लाम शिकवत नाही. पण 2025 च्या मार्चअखेर केरळच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने खासदारांना आवाहन केलं की वक्फ दुरुस्ती विधेयकाला पाठिंबा द्या. एका गावाचा प्रश्न सोडवायला देशभरातल्या दुसऱ्या अल्पसंख्य समाजाच्या मशिदी, कब्रस्तानांचा कायदा बदलू दिला.

लोकसभेत 288 विरुद्ध 232, राज्यसभेत 128 विरुद्ध 95 मतांनी विधेयक मंजूर झालं. पंधरा दिवसांच्या आत केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू मुनंबमला आले आणि लोकांना ऐकायला मिळालं की कोर्टाची लढाई लढावीच लागेल. त्याच दरम्यान संघाच्या 'ऑर्गनायझर'च्या संकेतस्थळावर कॅथलिक चर्चच्या जमिनी किती आहेत यावर लेख आला. ओरड झाल्यावर तो काढला. मग 25 जुलैला छत्तीसगडमध्ये दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. 2 ऑगस्टला जामीन मिळेपर्यंत त्या तुरुंगात होत्या. सरकारं मित्रपक्षाचीच होती.

हे वाचून कुणाला 'बरं झालं' वाटत असेल तर त्याने स्वतःला आवरावं. त्या नन्सवर झालेला अन्याय हा अन्यायच. यातून शिकायचं एवढंच की दुसऱ्याचा हक्क विकून घेतलेली सवलत टिकत नाही.

आता आपल्या अंगणात

गोवा-केरळचं बोलणं सोपं आहे. परभणीचं बोलू या.

ज्यांचं वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांनी 'खान हवा की बाण हवा' ही घोषणा आपल्या कानांनी ऐकली आहे. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घोषणा देत ट्रक गेला की घरातले मोठे लोक दार ओढून घ्यायचे. 6 डिसेंबर 1992 नंतर काय झालं, श्रीकृष्ण आयोगाने काय लिहिलं, हेही सर्वांना माहीत आहे. आणि 2024 च्या लोकसभेला त्याच परभणीत मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये मशालीचा प्रचार झाला. एका बाजूला महायुतीचे महादेव जानकर, दुसऱ्या बाजूला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय जाधव, आणि वंचितकडून हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख. जाधव सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. ज्या आईने दार ओढून घेतलं होतं, तिनेच रांगेत उभं राहून मशालीचं बटण दाबलं.

हे चुकलं का? आम्हाला वाटतं, नाही. संविधान आणि नागरिकत्व समोर असताना कोणता धोका मोठा हे लोकांनी ओळखलं. ती मस्लहत होती. पण त्यात एक गोष्ट राहून गेली. अटी कुठे होत्या? कोणी लिहून घेतल्या? मोहल्ल्यात कोणाला माहीत होत्या?

पुढचं पाहा. 2024 च्या ऑगस्टमध्ये वक्फ विधेयक लोकसभेत आलं तेव्हा ठाकरे गटाची भूमिका स्पष्ट दिसली नाही. मुंबईत काही मुस्लिमांनी थेट मातोश्रीबाहेर जाऊन जाब विचारला. त्यानंतर उद्धव ठाकरेंनी जाहीर सभेत सांगितलं की वक्फच्या जागेला हात लावू देणार नाही, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या खासदारांनी विधेयकाविरुद्ध मतदान केलं. दुसरीकडे, 6 डिसेंबर 2024 ला त्याच पक्षाचे मिलिंद नार्वेकर यांनी बाबरी पाडल्याचा गौरव करणारी पोस्ट टाकली. अबू आझमींनी समाजवादी पक्षाला महाविकास आघाडीतून बाहेर काढण्याची घोषणा केली. बाकी आपल्याकडे काय झालं? व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस राग निघाला, तिसऱ्या दिवशी लग्नाच्या पत्रिका सुरू झाल्या.

दोन्ही प्रसंगांतून एकच दिसतं. जिथे उघडपणे, नेमकं विचारलं तिथे उत्तर मिळालं. जिथे गृहीत धरलं तिथे आपल्यालाही गृहीत धरलं गेलं.

हुदैबियाची शिकवण

आपल्यात दोन टोकं आहेत. एक म्हणतो, राजकारणात तडजोड म्हणजे ईमान विकणं. दुसरा म्हणतो, राजकारणात सगळं चालतं, ईमान मशिदीत ठेवून या. दोघांनीही सुलह-ए-हुदैबिया पुन्हा वाचावी.

हिजरी सन 6. हुजूर (स.अ.व.) सुमारे चौदाशे सहाबांसह उमऱ्याला निघाले आणि मक्केच्या वेशीवर अडवले गेले. करार लिहायला बसले तेव्हा कुरैशच्या सुहैल बिन अम्र यांनी 'रहमान' शब्दावर हरकत घेतली, 'रसूलुल्लाह' शब्दावर हरकत घेतली. हुजूरांनी 'मुहम्मद बिन अब्दुल्लाह' लिहायला सांगितलं. हजरत अली (रजि.) यांना शब्द खोडवेना. हजरत उमर (रजि.) बेचैन होऊन प्रश्न विचारत राहिले. उमरा न करता परत जायचं होतं. साखळदंडात आलेल्या अबू जंदल यांना परत पाठवावं लागलं. तडजोड याहून कडू काय असेल?

पण त्या तडजोडीत तीन गोष्टी होत्या. पहिली, ती उघड होती. प्रत्येक अट सगळ्यांसमोर लिहिली गेली, आणि हजरत उमरना प्रश्न विचारायची मोकळीक होती. दुसरी, शब्द मागे घेतला, अकीदा नाही. कागदावरून 'रसूलुल्लाह' गेलं म्हणून रिसालत गेली नाही. तिसरी, मुदत आणि मर्यादा होती. दहा वर्षांचा करार होता, आणि कुरैशच्या मित्र टोळीने मुसलमानांच्या मित्र टोळीवर हल्ला केला, कुरैशने त्यांना साथ दिली, तेव्हा करार संपला. अट मोडली की परिणाम झाला.

आपल्या निवडणुकीतल्या तडजोडीत यापैकी काय असतं? रात्री अकरानंतर कुणाच्या तरी बैठकीत चार माणसं ठरवतात. सकाळी निरोप येतो, 'यंदा अमुक चिन्ह'. का, ते विचारायचं नाही. फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात सगळ्या पक्षांचे नेते चादर घेऊन येतात, फोटो निघतात, आणि आपण समजतो की आपला मसला पोहोचला. चादर चढवणारा आला, आदराने आला, तर स्वागतच करावं. पण चादर म्हणजे भूमिका नाही. बेतीच्या दर्ग्यातही लोक आदरानेच गेले होते.

आणखी एक कडू गोष्ट. समाजाची 'ठोक मतं' विकणारे बाहेरून येत नाहीत. ते आपल्यातलेच असतात. गोव्याचे आमदार निदान कॅमेऱ्यासमोर गेले.

मग करायचं काय?

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, गावात जाहीर बैठक घ्या. मशिदीत नको, शाळेच्या मैदानात किंवा चावडीवर घ्या, म्हणजे बायकाही येतील आणि गावातले इतर समाजही ऐकतील. चार-पाच प्रश्न कागदावर लिहा. उर्दू शाळेत शिक्षकांची रिकामी पदं किती, ती भरायला तुम्ही काय करणार? कब्रस्तानची मोजणी आणि कुंपण कधी? मशीद-दर्ग्याच्या जमिनीची वक्फ नोंद करायला तहसीलमध्ये मदत कराल का? रस्त्यावर जनावरांची गाडी अडवून मारहाण झाली तर तुम्ही पोलीस ठाण्यात कोणाच्या बाजूने उभे राहाल? आणि कोणत्याही धर्माविरुद्ध, आमच्या किंवा दुसऱ्याच्या, तुमच्या पक्षातून विखारी बोललं गेलं तर तुम्ही जाहीर निषेध कराल का?

प्रत्येक उमेदवाराला तोच कागद द्या, आवडत्या-नावडत्या सगळ्यांना. सही करतो की नाही पाहा. वर्षाने त्याच चावडीवर तो कागद पुन्हा वाचा. यातला एकही प्रश्न अकीद्याचा नाही, हे लक्षात घ्या. नमाज, रोजा, ईमान यांची बोली लावायचीच नाही. आपला सौदा रस्ता, शाळा, सुरक्षितता आणि बरोबरीचा हक्क एवढ्यापुरताच असावा. आणि त्या कागदात असं काही मागू नये जे शेजारच्या बौद्ध, ख्रिस्ती, भटक्या किंवा मराठा कुटुंबाच्या वाट्यातून काढून घ्यावं लागेल.

आमच्या शाळेत येणारी मुलं कमी होत आहेत. गोव्याच्या पालकांसारखेच आपले पालकही इंग्रजी शाळेकडे निघाले आहेत. कुणी म्हणतं उर्दू आपली ओळख आहे, कुणी म्हणतं पोट आधी. हाही अकीदा आणि मस्लहतीचाच प्रश्न आहे, आणि तोही आपण रात्रीच्या बैठकीत नाही, दिवसा आणि मोठ्याने बोलून सोडवायला हवा.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, बेटा, कफ्फारा ज्याने कसम मोडली त्याचा असतो. पण ज्यांनी खोटी कसम आपल्या दारात घेऊ दिली आणि नंतर विचारलंही नाही, त्यांचाही काही हिशेब असेलच. तो मुलगा दोन वर्षांनी मतदार होणार आहे.